बाकावरचं वर्ष

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका रात्री साडेतीन वाजता मी ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. आमच्या घरात नेट धड येत नाही, ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात तेवढं येतं. अमेरिकेत तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, आणि आमची टीम एका रनने मागे. आमची म्हणजे माझ्या भाच्याच्या, बाबूच्या, कॉलेजची बेसबॉल टीम. आमचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, बॅटिंगला होता. तो चार वाईट बॉल सोडून पहिल्या बेसवर, म्हणजे रनसाठी गाठायच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यावर, पोहोचला. अंगाने जड, पळायला मंद. कोचने हात केला आणि त्याच्या जागी पळायला डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरून, आमचा बाबू हेल्मेट डोक्यावर दाबत धावत बाहेर आला. तीन तास मी त्याचीच वाट बघत होतो. तिसऱ्या बॉलवर तो सुटला, पोटावर घसरत दुसऱ्या बेसला हात लावला, उठून छातीवरची माती झटकली. पुढच्याने उंच मारलेला बॉल झेलला गेला आणि सामना संपला. बाबू मैदानात होता तो जेमतेम दोन मिनिटं.

आतून बायकोने कोकणीत, खेळला ना असं विचारलं, "खेळलो मरे?"

"धांवलो," धावला एवढंच मी सांगितलं आणि लॅपटॉप मिटला.

फोंड्याच्या बाजूला एका हायस्कुलात मी तीस वर्षं पी.टी. शिकवली. घरी बोलणं कोकणी, वाचणं-लिहिणं मराठी, असं आमचं पहिल्यापासून. धाकटी बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, बाबू तिथेच जन्मला. नऊ वर्षांचा असताना नाताळच्या सुट्टीत आला होता, तेव्हा कापणी झालेल्या शेतात आमच्या पोरांबरोबर खेळताना त्याने बांधावरून फेकलेला बॉल थेट स्टंपांवर आलेला मी पाहिला. हात खांद्याच्या मागे नेण्यात वेळच घालवत नव्हता. ते तंत्र बेसबॉलचं होतं, हे मला नंतर कळलं. पुढे सतराव्या वर्षी त्याला डिव्हिजन वन, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांतल्या सगळ्यांत वरच्या गटातल्या, कॉलेजची पाव स्कॉलरशिप मिळाली तेव्हा आम्ही महालसेला नारळ ठेवला.

आता हे लिहायला बसलो, कारण बहिणीच्या ओळखीतली दोन-तीन मराठी कुटुंबं तिला फोन करून विचारतात. त्यांची मुलं तिथे हायस्कूलला बेसबॉल खेळतात, कॉलेजचे कोच त्यांना भेटायला लागलेत. ती म्हणते, दादाला विचारा, त्याने त्या वर्षी सगळं वहीत लिहून ठेवलंय. तर ती वही समोर घेऊनच बसलोय.

पहिलं सांगायचं ते असं की पहिल्या वर्षाचा मुलगा बाकावर बसतो यात त्याच्यावर कुणी खार खाल्लेला असतोच असं नाही. डिव्हिजन वनमध्ये मोसमात जास्तीत जास्त ५६ सामने, फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. मैदानात एका वेळी नऊ जण. टीममध्ये तेव्हा ४० मुलं ठेवता येत होती आणि त्या सगळ्यांत मिळून वाटायला पूर्ण स्कॉलरशिपा ११.७. हा दशांश वाचून मी चक्रावलो होतो. म्हणजे पाव, अर्धी असे तुकडे करून ती वाटायची. पाव स्कॉलरशिप मिळाली म्हणजे कोचने आपल्या मुलावर पाव पैज लावली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही तो तेव्हा फार मोठा धरला.

त्यात २०२० साली मार्चमध्ये कोविडमुळे मोसम बंद पडला आणि सगळ्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं. त्यामुळे तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये कॉलेजच्या टीमांत दिसायला लागले. १८ वर्षांचा पोर आणि २३ वर्षांचा गडी यांत फरक केवढा, हे पी.टी. मास्तराला सांगायला नको. मनगट वेगळं, मांडी वेगळी. ताशी ९० मैलांच्या बॉलवर अठराच्या पोराची बॅट पाव क्षण उशिरा येते, आणि ती मेहनतीने भरून निघते खरी, पण तिला वेळ लागतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आम्हाला आधी कुणी सांगितली नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथे ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. कॉलेज बदलायचं असेल तर मुलाने त्यात आपलं नाव घालायचं, मग बाकीच्या कॉलेजांचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी बेसबॉलमध्ये एका डिव्हिजन वन कॉलेजातून दुसऱ्यात गेलं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून एकदा बदलायला ती अट काढली, आणि २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यास नीट चालला असेल तर कितीही वेळा बदला, बसायला नको. हे ऐकायला मुलाच्या सोयीचं वाटतं. आहेही. फक्त कोचलाही तीच सोय झाली. त्याची नोकरी जिंकण्यावर चालते. सेकंड बेसला, म्हणजे दुसऱ्या बेसपाशी बॉल अडवायला, माणूस हवा असेल तर अठराच्या पोराला दोन वर्षं घडवत बसण्यापेक्षा दुसरीकडे शंभर सामने खेळलेला तयार गडी त्याला जूनमध्ये मिळतो.

बाबूला कोचने शब्द दिला होता, "पहिल्या दिवसापासून सेकंड बेससाठी तू स्पर्धेत असशील." कोच खोटं बोलला असं मी आजही म्हणत नाही. तो बोलला त्या दिवशी त्या जागेवर दोघंच होते, एक शेवटच्या वर्षाचा आणि एक दुसऱ्या वर्षाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बाबू सामान घेऊन पोहोचला तेव्हा तिसरा तिथे आधीच कपाट लावून बसला होता. पोर्टलमधून आलेला, बावीस वर्षांचा, तीन मोसम खेळलेला. शब्द देताना तो नव्हताच, मग त्याचं नाव कोण कसं घेणार?

गोव्यात राहणाऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. आपण दाराच्या दुसऱ्या बाजूला बसलेले लोक आहोत. १९८५-८६ पासून गोवा रणजी खेळतो आणि बाहेरून खेळाडू येतात, तेव्हा इथल्या कुणाच्या तरी मुलाची जागा जाते, ही बोलणी मी स्टाफरूममध्ये, कदंबा बसमध्ये, देवळाच्या आवारात किती वर्षं ऐकतोय. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून गोव्याकडून पहिली रणजी मॅच खेळला, पर्वरीला, राजस्थानविरुद्ध, आणि १२० केले. सगळ्या देशात त्याचीच बातमी. त्याच इनिंगमध्ये दुसऱ्या बाजूला आपला सुयश प्रभुदेसाई उभा होता, त्याने २१२ केले. मला ती मॅच फार आवडते. पाहुणा आणि घरचा दोघांनी एकमेकांना रन दिले. असं नेहमी होत नाही, पण होऊ शकतं एवढं त्या दिवशी दिसलं.

आणि गेल्या वर्षीच, बाबू जूनमध्ये इकडे गोव्याला येण्याच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने मुंबईकडे गोव्याला जाण्यासाठी ना हरकत पत्र मागितलं. मे महिन्यात त्याने ते परत घेतलं, मुंबईने त्याला ठेवून घेतलं. आमच्या तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात त्यावर भांडणं झाली. मी मात्र वेगळाच विचार करत होतो. कसोटी खेळणाऱ्या माणसाला मागे फिरायला दार उघडं राहतं. पाव स्कॉलरशिपवाल्या पोराला राहील का?

नाही राहत. पोर्टलमध्ये नाव घातलं की सध्याचं कॉलेज त्याची स्कॉलरशिप चालू टर्म संपल्यावर काढून घेऊ शकतं, आणि त्याला परत घेतलंच पाहिजे असं कोचवर बंधन नसतं. एक पाय होडीत, एक धक्क्यावर, आणि होडी सुटलेली.

बाबू जूनच्या तीन तारखेला आला. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच धरला होता. मासेमारी बंदी लागलेली, त्यामुळे घरात सुकी मासळीच, खारं नि सुंगटांची किस्मूर. तेही तो आवडीने खायचा, पण बोलायचा नाही. पोर्टलची खिडकी नुकतीच उघडली होती, महिनाभर उघडी, जुलै लागला की बंद. बहिणीने त्याला इकडे पाठवला तो मुद्दामच. म्हणाली, "दादा, इथे त्याचे बाबा रोज इंजिनीअरिंगचं बोलतात नि मी रोज रडते. तुझ्याकडे दोन आठवडे राहू दे."

चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने मला आपली वही दाखवली. शाळेच्या रफ वहीसारखी, कव्हर मातीने मळलेलं, कोपरे पाण्याने फुगलेले. आत प्रत्येक पानावर समोरच्या टीमच्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, नंबर आणि खाली आकडे. १.३१, १.२८, १.४६, १.३३. डगआउटमध्ये बसून तो घड्याळ चालवायचा. पिचरचा पुढचा पाय हलला की बटण, बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये धप्प लागला की बटण. १.३ सेकंदांच्या आत टाकणाऱ्यावर पळून दुसरा बेस चोरणं अवघड, १.४५ च्या वर गेला की पळावं. एका पिचरच्या पानावर त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं की बॉल थेट टाकणार असेल तर हा हनुवटी एकदाच खांद्याला लावतो, दोनदा लावली तर पहिल्या बेसवर फेकतो. मी चष्मा काढून ते पान परत वाचलं. ५६ सामन्यांची अशी ५६ पानं. एप्रिलच्या त्या रात्री तो तिसऱ्या बॉलवर का सुटला, ते मला त्या पानावर सापडलं. पहिले दोन बॉल पिचरने पहिल्या बेसवर फेकले होते, त्यांना हनुवटीच्या दोन खुणा होत्या, तिसऱ्याला एक. बाकावरून उठवेपर्यंत आठ इनिंगा तो हेच बघत होता.

"कोचला दाखवलीस?"

"नाही मामा. त्याने कधी मागितली नाही."

त्याचा हिशेब असा होता. ५६ पैकी नऊ सामन्यांत तो मैदानात उतरला. सातदा दुसऱ्याच्या बदली पळायला, दोनदा सुरुवातीपासून सेकंड बेसला. त्या दोनातल्या एकात त्याच्या हातून जमिनीवरून आलेला सोपा बॉल सुटला आणि पुढच्या इनिंगला तो बाहेर. चार वेळा बॅटिंग, एक हिट.

यात मला सर्वांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. तिथे तेव्हा मुलाला चार मोसम खेळायला पाच वर्षं मिळत. एखाद्या वर्षी तो एकदाही मैदानात उतरला नाही तर ते वर्ष चारांत धरत नसत, त्याला रेडशर्ट म्हणतात. पण बेसबॉलमध्ये एकदा उतरला की मोसम गेला. बाबू पहिल्यांदा उतरला मार्चच्या सुरुवातीला, टीम आठ रनांनी हरत असताना, बदली पळायला. बेसवर उभा राहिला, तिथेच इनिंग संपली. चारांतला एक मोसम त्या क्षणी गेला. कोचने त्याला विचारलं नाही, आणि त्यानेही कोचला आधी विचारलं नव्हतं की या वर्षी मला खेळवणार आहात की राखून ठेवणार आहात. अठरा वर्षांच्या पोराला "जा" म्हटल्यावर तो जाणारच. त्याला दोष देता येत नाही. हा प्रश्न नोव्हेंबरमध्ये, सरावाचे आठवडे संपून कोच प्रत्येकाला एकट्याला बोलावतो तेव्हा विचारायचा असतो. मुलांच्या आईबापांनो, हे एक वाक्य माझ्यासाठी लिहून ठेवा.

न विचारण्याचा रोग आमच्या घराण्यातला आहे. मी विकेटकीपर होतो. टीमला कीपर एकच लागतो, सेकंड बेसमनसारखा. आमच्या क्लबात माझ्यापुढे एक थोरला होता, मी दोन वर्षं स्कोअर लिहिला, तिसऱ्या वर्षी कुणालाही न सांगता शेजारच्या गावच्या टीमकडे गेलो. तिथे खेळलो, बरा खेळलो. पुष्कळ वर्षांनी आमचा कप्तान एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला आणि म्हणाला, थोरल्याचा गुडघा गेला होता, त्या मोसमापासून तुलाच घेणार होतो. जेवण माझ्या घशाखाली उतरेना. मी बाबूला हे सांगितलं. राहा असं सुचवायला नव्हे. जायचं असलं तरी आधी विचारून जा, एवढंच म्हणणं होतं.

सहा जूनला तिकडे कोर्टाने एक मोठा समझोता मंजूर केला. कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येणार, त्याबरोबर बेसबॉलच्या टीममध्ये स्कॉलरशिपा हव्या तेवढ्या, पण मुलं ३४ च. तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांना ४० चे ३४ करायचे होते. बाबूच्या फोनवर टीमच्या ग्रुपमध्ये रात्रभर टिकटिक चालू होती. कुणाला ठेवणार, कुणाला काढणार. त्या रात्री त्याने पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मला म्हणाला, "मामा, मी विचारतो."

न्यू जर्सी आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. कोच सकाळी दहाला मोकळा, म्हणजे आपली संध्याकाळची साडेसात. पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, बाबू ओसरीच्या त्याच उजव्या कोपऱ्यात फोन कानाला लावून उभा. मी दार लोटून आत बसलो. बारा मिनिटं. त्याचं इंग्रजी मला अर्धंच कळलं, पण त्याचा आवाज एकदाही चढला नाही हे कळलं.

कोचने सरळ सांगितलं. तू ३४ मध्ये आहेस, पण सेकंड बेसला अजून एक पोर्टलमधून येतोय, पुढच्या वर्षीही तुला मी बहुतेक पळायलाच वापरेन. वही बघून तो काय म्हणाला असता कोण जाणे, बाबूने ती काढलीच नाही. वर्षभर जे कळत नव्हतं ते बारा मिनिटांत कळलं. त्या कोचबद्दल माझ्या मनात राग होता, तो त्या संध्याकाळी बराच उतरला. विचारल्यावर खरं सांगणारा माणूस होता तो.

दोन दिवसांनी बाबूने पोर्टलमध्ये नाव घातलं. आणि मग अकरा दिवस एकही फोन नाही. याची तयारी ठेवा. पोर्टलमध्ये नावांचा पूर येतो, आणि चार वेळा बॅटिंग केलेल्या मुलाच्या नावावर कोण थांबणार? सगळे लोक कुमार रॉकरचं उदाहरण देतात. त्याची आई भारतीय वंशाची, म्हणून आपल्या लोकांत तर जास्तच. २०१९ मध्ये व्हँडरबिल्ट कॉलेजकडून पहिल्याच वर्षी ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता १९ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं त्याने. बाबूच्या खोलीत त्याचं चित्र आहे. पण त्याच्यासारखा दहा-वीस वर्षांतून एखादा निघतो, आणि तो पिचर. पिचर एका टीममध्ये डझनावर लागतात. सेकंड बेसमन एक.

बाराव्या दिवशी टेक्ससमधल्या एका दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजचा फोन आला. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, तिथे ते बारावीनंतरचं. रोज खेळायला मिळेल म्हणाले. मग पेनसिल्व्हेनियातल्या डिव्हिजन टूच्या दोन कॉलेजांचे. पहिल्यात सिव्हिल इंजिनीअरिंगच नाही. मेहुण्यांनी तिथेच फुली मारली, आणि मला ते पटलं. दुसऱ्यात होतं, पण त्यांनी आधी त्याचे विषय तपासले. ३३ क्रेडिटांपैकी २७ धरली. ही बाब पोरं शेवटी बघतात, ती पहिली बघायची, कारण एका कॉलेजचा विषय दुसरं कॉलेज धरेलच असं नाही. डिव्हिजन वनमध्ये तर दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पुरा लागतो, तिसऱ्याला ६०, नाहीतर खेळताच येत नाही. सहा क्रेडिटं गेली म्हणजे एक उन्हाळा वर्गात.

या वेळी बाबूने कोचला पहिलाच प्रश्न टाकला, "माझ्या जागेवर सध्या कोण कोण आहेत, आणि अजून किती घेणार?" कोचने नावं वाचून दाखवली. एक, तोही शेवटच्या वर्षाचा, आणि त्याचा खांदा दुखावलेला. बाबूने ती नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आणि खाली रेघ मारली. फी तिथे जास्त पडते. बहीण-मेहुण्यांनी तो भार घेतला, त्यांचं कौतुक वाटतं मला.

जाताना तो डिव्हिजन वनची टोपी इथेच खुंटीवर ठेवून गेला. बायको ती झटकते, पण काढत नाही.

यंदा फेब्रुवारीत त्याचा मोसम सुरू झाला. घरच्या मैदानावर बर्फ, म्हणून पहिले सामने दक्षिणेत जाऊन. मी रात्री ओसरीवर. नावांची यादी आली, सातव्या नंबरवर तो, सेकंड बेस. दुसऱ्या इनिंगमध्ये सरळ त्याच्याकडे जमिनीवरून एक बॉल आला, गेल्या वर्षीसारखाच, आणि ग्लोव्हच्या खालून निघून गेला. माझा हात तोंडावर. कॅमेरा डगआउटकडे वळला. कोच कठड्यावर कोपरं टेकून उभा होता, जागचा हलला नाही. बाबूने बुटाने माती सारखी केली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. पुढचा बॉल पुन्हा त्याच्याकडेच आला.